रिकाम्या चढाईचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात औंढा असो, वसमत असो की सेनगाव, गावातला कबड्डीचा सामना सुटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणी किती गुण आणले?" किती चढायांत आणले, हे क्वचितच कोणी विचारतं.

समजा, एका पोराने वीस चढाया केल्या. आठ वेळा गुण आणले, चार वेळा पकड झाली, आठ वेळा तो रिकाम्या हाताने परतला. यश 40 टक्के. दुसऱ्याने दहाच चढाया केल्या. पाचांत गुण, पाचांत पकड. यश 50 टक्के. कागदावर दुसरा सरस. पण तो निम्म्या वेळा बाद झाला, पहिला पाचांत एकदाच.

बर्फावरच्या हॉकीत असा घोळ नाही. खेळ सुरू करताना पंच दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूच्या मधोमध चकती टाकतो. एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच, म्हणून साऱ्या खेळाडूंची मिळून सरासरी पन्नासच येते. शंभरात पंचावन्न जिंकणारा तिथे पट्टीचा. कबड्डीत मात्र तिसरा निकाल असतो: रिकामी चढाई.

ती वाया गेली असं समजू नये. आघाडीवरचा संघ मुद्दाम वेळ काढतो. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, कोपरारक्षकाला हुलकावणी देतो आणि तीस सेकंदांच्या आत मध्यरेषा गाठतो. पण प्रो कबड्डीत संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तेव्हा गुण आणा, नाहीतर बाद. अशा चढाईवर जाणारा जास्त वेळा बाद होणारच. त्याला इतरांच्या मापाने मोजणं अन्याय आहे.

टक्केवारीला चढाईचं वजनही कळत नाही. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला झालेल्या प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात कर्णधार अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरियाणाला 28-25 असं हरवलं. त्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. टक्केवारीत ती एकच यशस्वी चढाई. निकालात फरक मात्र तीनच गुणांचा!

मोठे आकडेही सामन्यांसकट वाचावेत. 2017 मध्ये पाटण्याच्या प्रदीप नरवालने चढाईत 369 गुण मिळवले, ते 26 सामन्यांत. म्हणजे सामन्यामागे चौदा.

तेव्हा हिंगोलीतल्या कबड्डी मंडळांनी यंदा वहीत प्रत्येक चढाईपटूसमोर चार रकाने आखावेत: यशस्वी, पकड, रिकामी आणि एकूण गुण. संघनिवड त्या वहीवरून करावी.