फेस आला म्हणजे जखम साफ झाली?

आज विषय आहे हायड्रोजन पेरॉक्साइडचा. खरचटलेल्या गुडघ्यावर ओतलं की पांढरा फेस येतो, आणि आपल्याला वाटतं, चला, घाण निघाली. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये मला भीती वाटते ती नेमकी त्या फेसाची.

कारण तो फेस म्हणजे ऑक्सिजन वायू. आपल्या रक्तात, पेशींत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. ३ टक्क्यांच्या १ मिलिलिटर द्रावणातून साधारण १० मिलिलिटर वायू सुटतो. म्हणजे ५० मिलिलिटरची एक सिरिंज मारली, की अर्धा लिटर! गुडघ्यावरचा वायू हवेत उडून जातो. पण मांडीच्या हाडातली पोकळी, पाठीतली खोल जखम, गळूची बंद पिशवी... तिथे त्याला बाहेर पडायला वाटच नसते. शेजारी शिरा उघड्या पडलेल्या असतात, तो त्यांत घुसतो. बुडबुडे हृदयात, तिथून फुप्फुसात, कधी कधी थेट मेंदूपर्यंत.

आम्हाला कळतं ते मॉनिटरवर. श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा धाडकन खाली येतो, बीपी पडतं. आणि जखम? ती तेव्हा मस्त पांढरीशुभ्र दिसत असते!

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१४ मध्ये डॉक्टरांना पुन्हा बजावलं: बंद पोकळीत, खोल किंवा मोठ्या जखमेत हे वापरू नका.

बाकीची जंतुनाशकंही निरुपद्रवी नाहीत हां. क्लोरहेक्सिडीन कातडीवर उत्तम, पण चुकून गुडघ्याच्या सांध्यात गेलं तर कूर्चा खराब होते, कानाच्या आत गेलं तर बहिरेपण येऊ शकतं. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग माहितीयत ना? पहिल्या महायुद्धात त्यांनी दाखवलं होतं, की खोल जखमेत जंतुनाशक कानाकोपऱ्यातल्या जंतूंपर्यंत पोचत नाही, उलट आपल्याच पांढऱ्या पेशी मारतं.

मग धुवायचं कशाने? बहुतेक वेळा साध्या सलाईनने. २०१५ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हाड मोडून जखम उघडी पडलेले २,४०० हून जास्त रुग्ण होते त्यात. साबणाच्या पाण्याने धुतलेल्यांपैकी १४.८ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, सलाईनवाल्यांत ११.६ टक्के. अपवाद आहे पोव्हिडोन आयोडीनचा: जखम शिवण्याआधी त्याच्या पाण्यातल्या द्रावणाने धुण्याचा विचार करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवलंय. पण तेही कातडीखालच्या थरापुरतं, आणि मुळात स्वच्छ असलेल्या जखमांसाठी.