अडलेला फोन आधी घ्या

१५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठी सातबाऱ्यावर करायचे ती पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. कळंब असो की परंडा, खरिपात सोयाबीनच्या रानात फोन उंच धरून उभा असलेला माणूस हमखास दिसतो. "लोकेशन घेईना रं," तो म्हणतो. ऐकणारा "बघू नंतर" म्हणत पुढे जातो. खरं तर असे प्रश्न अवघड नसतात, त्यांना कुणी वालीच नसतो!

लोकेशन अडलं, तर फोनचं जीपीएस चालू आहे का पाहा, झाडाखालून मोकळ्यात या आणि ज्या गटाची नोंद करायची त्याच गटात आपण उभे आहोत ना, तेही तपासा. पीक चुकीचं नोंदलं गेलं, तर ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतःच दुरुस्त करता येतं. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते. साधा फोन वापरणाऱ्या आजीचं काम त्यामुळे अडायला नको.

कॉलेजच्या पोरापोरींनो, येत्या रविवारी पारावर तासभर बसा. दोनदा विचारूनही ज्याला उत्तर मिळालं नाही, त्याचा फोन आधी बघा. बटणं मात्र त्यालाच दाबू द्या आणि बँकेचा ओटीपी कुणालाही विचारू नका.