कायद्याची मुभा आणि संयम



कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. क्वेबेक प्रांताने मात्र तरुणांच्या आरोग्यास्तव १ जानेवारी २०२० पासून वयोमर्यादा १८ वरून २१ केली. ज्या प्रांतांत गांजायुक्त गोड पदार्थ विक्रीस आले, तेथे ते अजाणता खाऊन रुग्णालयात दाखल झालेल्या बालकांची संख्या वाढली. मेंदूचा विकास सुमारे २५ व्या वर्षापर्यंत चालतो. त्याआधीच्या नित्य सेवनाने स्मरणशक्ती व एकाग्रता खालावते, मनोविकाराचा धोका वाढतो.

आपलीही मुले तेथे शिक्षणार्थ जातात. कायद्याने शिक्षा टळते. देहावरील परिणाम टळत नाही. म्हणून निरोप देताना सप्तव्यसनत्यागाचा नियम त्यांना कारणांसह समजावून द्यावा, ही नम्र विनंती.