शेवाळाचे तेल : कोणते शेवाळ आणि किती तेल?



शेवाळापासून डिझेलसारखे इंधन तयार करता येते, ही गोष्ट खरी आहे. परंतु प्रत्येक शेवाळ या कामाचे नसते. वाशिम जिल्हा सोयाबीन पिकविणारा. म्हणून सोयाबीनच्याच मापाने आपण हा विषय पाहू. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा 18 ते 20 भाग तेल असते. तेल काढल्यावर उरते ती ढेप.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. त्याच्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात स्पिरुलिना हे निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ वाढते. त्यात शेकडा 60 च्या आसपास प्रथिने असतात, तेल मात्र साधारणतः 10 च्या आत. म्हणजे ते अन्न म्हणून मोलाचे, पण इंधनासाठी फारसे उपयोगाचे नाही. याउलट बोट्रिओकॉकसच्या काही जातींत वाळलेल्या वजनाच्या निम्म्याहूनही अधिक तेलकट द्रव्य सापडते. परंतु त्याची वाढ फार मंद. क्लोरेला आणि समुद्रातील नॅनोक्लोरॉप्सिस ही झपाट्याने वाढतात व तेलही बऱ्यापैकी देतात. त्यांचा नायट्रोजन तोडला की तेलाचे प्रमाण चढते, पण वाढ खुंटते.

आता हिशेब करा. उघड्या टाक्यात लिटरभर पाण्यामागे वाळलेले शेवाळ अर्धा ग्रॅम मिळाले, तर हजार लिटरमागे ते अर्धा किलो होईल. त्यात शेकडा 30 भाग तेल धरले, तरी हाती येईल ते केवळ 150 ग्रॅम! एवढ्यासाठी हजार लिटर पाणी गाळायचे, शेवाळ वाळवायचे, मग तेल काढायचे. खरा खर्च येथेच आहे.

अमेरिकेच्या सरकारने 1978 ते 1996 या काळात सुमारे 3000 नमुने गोळा करून त्यांतून सुमारे 300 निवडले. तेल निघाले; परंतु ते खनिज तेलाहून महाग पडले.

पालकांनो, शेवाळ-तेलाच्या धंद्यासाठी कोणी पैसे मागितले, तर आधी तीन प्रश्न विचारा : तेल किती? वाढ किती दिवसांत? आणि पाण्यातून शेवाळ वेगळे करण्यास खर्च किती? तिन्ही उत्तरे आकड्यांत मिळेपर्यंत शेत गहाण टाकू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तिसऱ्या प्रश्नाचे स्वस्त उत्तर अजून हवे आहे. त्यासाठी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि यंत्रविद्या या तिन्हींची गरज लागेल. ते शोधणारा मुलगा किंवा मुलगी आपल्यातूनही निघू शकेल. मात्र त्यासाठी आजपासून मोजण्याची आणि पडताळून पाहण्याची सवय लावून घ्या.