न पुसायचा फळा
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



"मुलं विज्ञानाकडे कशी वळतात?" यावर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी बँकेतला माणूस, आयुष्य व्याजाच्या आकडेमोडीत गेलं. पण वाचनाचा नाद आहे, त्यातून हाती लागलं ते सांगतो.

डॉ. जयंत नारळीकरांचं बालपण बनारसला गेलं. वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडे राहिले होते. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, पुसायचं नाही! मार्क नाहीत, बक्षीस नाही. पुढे हाच मुलगा केंब्रिजला गेला, 1965 मध्ये पद्मभूषण झाला आणि पुण्याच्या 'आयुका'चा संस्थापक संचालक झाला.

दुसरं उदाहरण कमला सोहोनींचं. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका रसायनशास्त्रातले. 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे खुद्द सर सी. व्ही. रामन! बाई मागे हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला, काम करून दाखवलं आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

तुम्ही म्हणाल, अहो, ही विद्वानांची घरं. खरं आहे. जिद्द ज्याची त्याची असते, पण प्रश्न विचारणारं माणूस जवळ लागतं. आपली मुलं शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी. त्यांना उत्तरं भरपूर मिळतात, पण प्रश्न घेऊन चार दिवस बसायची सवड मिळत नाही. आणि आपण? इंजिनिअर, शिक्षिका, नर्स, सगळे याच इमारतीत राहतो. लिफ्टमध्ये "काय, कसं काय?" म्हणतो आणि मजला आला की उतरतो.

म्हणून एक सूचना. खाली थकबाकीदारांची यादी लागते, त्या बोर्डाशेजारी एक फळा लावू. दर रविवारी कुणीतरी एक प्रश्न लिहायचा. सुटेपर्यंत पुसायचा नाही. फळा मी देतो, खडू सोसायटीने द्यावेत. ऑडिटर हरकत घेणार नाही!

पहिला प्रश्न आपल्या कोपरीचाच: चंद्र एकच, मग आपल्या खाडीला दिवसातून दोनदा भरती का येते? मोबाईल बघायचा नाही. आणि मोठ्यांनो, उत्तर येत असलं तरी आठवडाभर तोंड उघडायचं नाही.