मासे सोडण्याआधी

खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरली, पाणी नितळ दिसलं, की मासे सोडायची घाई होते. कृपा करून थांबा. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो आणि तो त्यांचे कल्ले जाळतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

तोवर सोललेल्या कोळंबीचा छोटा तुकडा टाकीत ठेवा. तो कुजला की जिवाणूंना अमोनिया मिळतो. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची चाचणी करा. नेहमीच्या संचात नळीतला पिवळा रंग हिरवट झाला, तर अमोनिया वाढलाय. पुढे तो पुन्हा पिवळा होतो, नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर टिकले, की थोडं पाणी बदलून एखादाच मासा सोडा.

आटलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या गोड्या पाण्यानेच करा. वाफ होते पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. खारटपणा सांगणारी विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास हवी. नळाचं पाणी थेट ओतू नका. त्यातलं क्लोरीन या जिवाणूंनाच मारतं.