एफएमचे विचलन आणि जुनी उपकरणे

एफएम प्रक्षेपणात वाहक लहरीची उंची कायम राहते, मात्र आवाजाच्या चढउतारानुसार तिची वारंवारता मूळ स्थानापासून दोन्ही बाजूंना सरकते. या सरकण्याच्या कमाल पल्ल्याला विचलन म्हणतात. एफएम नभोवाणीत ते प्रत्येक बाजूस ७५ किलोहर्ट्झपर्यंत असू शकते. विचलन कमी पडले तर आवाज क्षीण होऊन खरखर डोके वर काढते, आणि मर्यादा ओलांडली तर आवाज फाटतो व शेजारच्या केंद्राच्या हद्दीत घुसखोरी होते.

ते मोजण्यासाठी इंग्लंडमधील मार्कोनी इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने टीएफ २३०० सारखे मापक बनवले आणि हौशी रेडिओकार ते आजही जिवापाड जपतात. परंतु कपॅसिटर आणि रेझिस्टर यांची मूल्ये वयोमानाने बदलत असल्यामुळे अशा मापकाचा काटा दाखवील तो आकडा पडताळल्यावाचून ग्राह्य धरता येत नाही.

या पडताळणीची किल्ली जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिक बेसेल (१७८४–१८४६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिती फलनांत आहे. वाहकावर एकच शुद्ध सूर चढवला असता त्याच्या दोन्ही अंगांना, त्या सुराच्या वारंवारतेइतक्या अंतराअंतरावर, पार्श्वलहरी उभ्या राहतात आणि त्यांना मिळणारी शक्ती वाहकातून वजा होते. विचलनाला सुराच्या वारंवारतेने भागले की जो मॉड्युलेशन अंक मिळतो, तो २.४०५ झाला की वाहक पूर्णपणे लोपतो, आणि ५.५२० ला पुन्हा लोपतो. म्हणजेच १३.५९ किलोहर्ट्झचा सूर दिला असता वाहक दुसऱ्यांदा लोपला, तर विचलन नेमके ७५ किलोहर्ट्झ असते.

प्रत्यक्ष कृती कानाने करता येते. अरुंद फिल्टर असलेल्या जुन्या कम्युनिकेशन रिसीव्हरमध्ये बीएफओ, म्हणजे वाहकाचे शिट्टीत रूपांतर करणारा स्थानिक आंदोलक, सुरू केला की वाहक स्पष्ट ऐकू येतो. मग सुराची पातळी शून्यापासून सावकाश वाढवत नेली की शिट्टी मंदावत जाते, एका बिंदूला विझते आणि पुढे पुन्हा उमटते. पातळी शून्यापासूनच वाढवणे अत्यावश्यक आहे, कारण मध्येच सुरुवात केल्यास ऐकलेला लोप पहिला की दुसरा हे सांगता येत नाही. वॉकीटॉकीच्या ५ किलोहर्ट्झ विचलनासाठी २०७९ हर्ट्झचा सूर आणि पहिला लोप पुरतो. तेथे फिल्टर सुमारे ५०० हर्ट्झचा हवा, अन्यथा पार्श्वलहरी शिट्टीत मिसळतात.

या पद्धतीचे खरे मोल असे की तिच्यात व्होल्टेज मोजावे लागत नाही. सुराची वारंवारता तेवढी अचूक हवी, आणि ती साध्या काउंटरवर तपासता येते. म्हणून ज्यांच्याकडे असा जुना मापक असेल त्यांनी तो भंगारात काढण्यापूर्वी वाहक लोपण्याच्या बिंदूवर त्याचा काटा कोठे उभा राहतो हे एकदा अवश्य तपासावे.